क जीवनसत्त्वाची गोळी घरात सगळ्यांनी रोज घ्यावी का?

प्रश्न असा आहे: "माझं वय ३८. करोनाच्या साथीपासून घरात आम्ही सगळेच क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी रोज चघळतो. माझं हिमोग्लोबिन ९.८ आहे, लोहाची गोळी चालू आहे. मुलगा सात वर्षांचा, त्याला सारखी सर्दी होते. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दात नाहीत, जेवण कमी झालंय, पायांवर निळे डाग दिसतात. त्या मात्र गोळी घेत नाहीत, आंबट लागते म्हणून. आम्ही गोळी चालू ठेवावी का? की मोरावळ्यावर भागेल?"

ताई, तुम्ही सासूबाईंचा उल्लेख शेवटी, जाता जाता केला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण तुमच्या घरात या जीवनसत्त्वाची खरी गरज कदाचित एकट्या त्यांनाच आहे.

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. पत्नी गेल्यापासून एकटे राहत होते. डावा पाय सुजलेला, गुडघ्याच्या मागून पोटरीपर्यंत काळानिळा चट्टा. पायातल्या शिरेत गुठळी असेल म्हणून डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झालं होतं, ते स्वच्छ आलं. प्लेटलेट व्यवस्थित, रक्त गोठण्याच्या तपासण्याही व्यवस्थित. कुणीतरी रक्ताच्या कर्करोगाचं नाव काढलं होतं आणि मुलगा तीच भीती पोटात घेऊन समोर बसला होता. मी भिंग घेऊन नडगीकडे पाहिलं. प्रत्येक केसाच्या मुळाशी लालसर ठिपका होता आणि केस सरळ न येता मळसूत्रासारखे वळलेले होते. जे चार दात उरले होते त्यांच्याभोवतीच्या हिरड्या जांभळ्या, स्पंजासारख्या फुगलेल्या. मग विचारलं, "काका, दिवसभरात काय खाता?" सकाळी चहा-बटर, दुपारी दूध-भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मुगाची खिचडी. फळ? "चावत नाही." लिंबू? "आंबटानं सांधे धरतात, म्हणून बंद केलंय." हे आठ महिने चाललं होतं.

हा स्कर्व्ही होता, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. क जीवनसत्त्वाची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. चौथ्या दिवशी हिरड्यांचं रक्त थांबलं, दोन आठवड्यांत चट्टा पिवळा पडत विरला आणि महिन्याभरात ते स्वतः चालत दवाखान्यात आले. त्या दिवसापासून मी प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या नडग्या बघतो आणि ताटात काय असतं ते विचारतो.

हा आजार आम्हा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो, कारण पुस्तकात तो खलाशांचा आजार म्हणून शिकवला जातो. त्या इतिहासाचं एक टोक आपल्या किनाऱ्यालाही लागतं. वास्को द गामाचा काफिला १४९८ च्या ऑक्टोबरात अंजदीव बेटावरून परतीला निघाला. हे बेट कारवारसमोर आहे आणि आज गोव्यात मोडतं. वारा पडलेला, त्यामुळे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले. त्या प्रवासाच्या रोजनिशीत लिहिलंय की हिरड्या दातांवर इतक्या वाढल्या की माणसांना खाता येईना, पाय सुजले आणि सुमारे ३० जण मेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदराला पोचल्यावर आजाऱ्यांनी मागितली ती संत्री. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी बघता बघता उठली. तरीही इंग्लंडच्या आरमारात लिंबाचा रस सर्वांना देण्याचा निर्णय व्हायला १७९५ उजाडलं.

हे सगळं आपल्याच वाट्याला का? कुत्रा, गाय, शेळी हे प्राणी साखरेपासून हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं विकर (एन्झाइम) आपल्या पूर्वजांत फार पूर्वी निकामी झालं. माकडं, गिनीपिग आणि काही वटवाघळं यांचंही तसंच. म्हणून आपल्याला ते रोज बाहेरून घ्यावं लागतं. अंगात साठाही फारसा राहत नाही. भरल्या शरीरात साधारण दीड ग्रॅम असतं. ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या खाली गेलं की लक्षणं दिसू लागतात, आणि काहीच मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत ही पाळी येते.

त्याचं मुख्य काम समजून घ्या, म्हणजे सासूबाईंचे डाग समजतील. कातडी, हिरड्या, हाडं, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जखमेचा वण, हे सगळं कोलॅजन नावाच्या प्रथिनाने बांधलेलं असतं. तीन धागे एकमेकांभोवती पिळून त्याची दोरी होते. हा पीळ घट्ट बसावा म्हणून धाग्यांवर ठिकठिकाणी एक छोटा रासायनिक बदल करावा लागतो. तो करणाऱ्या विकरात लोहाचा एक अणू असतो आणि काम करताना तो गंजल्यासारखा होतो. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावतं. ते नसलं तर दोरी वळली जाते पण पीळ धरत नाही. बारीक रक्तवाहिन्या जराशा दाबानेही फुटतात, आणि दाब सगळ्यात जास्त पायांत असतो.

१९३९-४० मध्ये क्रॅन्डन नावाच्या तरुण अमेरिकन सर्जनने स्वतःवर प्रयोग केला. सहा महिने क जीवनसत्त्व नसलेलं अन्न खाल्लं. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनंतर केलेली जखम आतून भरेचना, आणि जीवनसत्त्व दिल्यावर भरली. ऑपरेशननंतर टाके सुटणाऱ्या, पाठीला झालेले व्रण न भरणाऱ्या वृद्ध माणसाला आधी काय खायला घालता हे विचारायला हवं, ते याचसाठी.

भारतातल्या साठीपुढच्या लोकांच्या रक्ताची तपासणी करून २०११ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातल्या चारांपैकी जवळजवळ तिघांत आणि दक्षिणेतल्या निम्म्याच्या आसपास लोकांत क जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत आणि लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीच्या धुरात राहणाऱ्यांत ती जास्त होती. या सगळ्यांना स्कर्व्ही झालेला नव्हता, पण साठा तळाला लागलेला होता. अशा माणसाचं महिनाभराचं आजारपण, अन्नावरची वासना जाणं, एवढंही स्कर्व्ही व्हायला पुरतं.

सासूबाईंच्या बाबतीत घाई करून निष्कर्ष काढू नका. निळे डाग रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांनी, स्टिरॉइडने, यकृताच्या आजाराने, प्लेटलेट कमी झाल्याने किंवा नुसतं म्हातारपणी कातडी पातळ झाल्यानेही पडतात. वयाचे डाग बहुधा हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत दिसतात. पायांवर केसांच्या मुळाशी ठिपके दिसले, पाय दुखून चालणं कमी झालं असलं, तर माझा संशय वाढतो. त्यांना जवळच्या फिजिशियनकडे घेऊन जा, रक्ताची साधी तपासणी करून घ्या आणि त्या काय खातात हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. स्कर्व्ही असेल तर उपचार स्वस्त आणि जलद आहे. दात नसतील तर पिकलेली पपई कुस्करून द्या. पेरू बिया काढून किसून द्या. टोमॅटोचं सार करा, संत्र्याचा ताजा रस द्या. गोळी आंबट लागत असेल तर न चघळता पाण्याबरोबर गिळायची साधी गोळीही मिळते. आणि "आंबटानं सांधे धरतात" हे कृपा करून मनातून काढा. लिंबू किंवा संत्र्याने संधिवात वाढतो याला काही आधार नाही, आणि या एका समजुतीपायी मी किती म्हाताऱ्या माणसांच्या ताटातून लिंबाची फोड गेलेली पाहिली आहे.

आता तुमचे मिस्टर. त्यांची गोळी आजच बंद करा. जास्तीचं क जीवनसत्त्व शरीर लघवीतून बाहेर टाकतं. त्यातला काही भाग ऑक्झलेट होऊन जातो, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांना मुतखडा होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. फळांतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाची तशी भीती नाही. त्यांनी संत्री, मोसंबी, लिंबूपाणी खुशाल घ्यावं, उलट लिंबातलं सायट्रेट खडा होऊ देत नाही.

गोळीतलं ५०० मिलिग्रॅम शरीरात किती जातं, हेही बघा. आतड्यातून ते आत घेणारी दारं मोजकीच आहेत. २०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा जवळपास पूर्ण शोषली जाते. ५०० ला तीन चतुर्थांशाहून थोडी कमी, आणि सव्वा ग्रॅमला निम्मीच. रोज २०० ते ४०० मिळू लागलं की रक्तातली पातळी वर चढायची थांबते, पुढचं सगळं लघवीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये रोजची शिफारस पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ठरवली. गरोदरपणी ८०, अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. सिगारेट-विडी ओढणाऱ्याला याहून ३० ते ४० जास्त लागतं. दिवसाला दोन ग्रॅमच्या वर मोठ्या माणसानेही जाऊ नये, जुलाब आणि पोटात मुरडा होऊ शकतो. थॅलेसेमियामुळे अंगात लोह साठलेल्यांनी, जी-६-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊच नये. मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावं.

मुलाच्या सर्दीबद्दल. सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज पन्नास मिलिग्रॅमच्या आतच लागतं, त्याला तुम्ही दहापट देत आहात. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मोठ्या मात्रेने सर्दी टळते असं ठामपणे मांडलं. तेव्हापासून ही समजूत जगभर रुजली आहे. पुढे डझनावारी चाचण्या झाल्या आणि २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात त्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज गोळी घेऊन सामान्य माणसाच्या सर्दीची संख्या कमी होत नाही. आधीपासून रोज घेत असाल तर सर्दीचे दिवस थोडे घटतात, मोठ्यांत सुमारे ८ टक्के, मुलांत सुमारे १४ टक्के. म्हणजे सात दिवसांची सर्दी सहा दिवसांची. नाक वाहायला लागल्यावर सुरू करून मात्र भरवशाचा फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे, कडक थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात सर्दी निम्म्यावर आली, तो गट वेगळा. आपल्या पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व स्वतःत भरपूर साठवतात, त्यामुळे त्याचा प्रतिकारशक्तीशी संबंध खराच आहे. पण त्या पेशी साध्या आहारातल्या मात्रेनेच भरतात. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. वजन-उंची नीट वाढत असेल, सर्दीबरोबर धाप किंवा कान फुटणं नसेल, तर त्याला गोळीऐवजी पेरूची फोड द्या.

करोनाच्या काळात या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या होत्या. मीही तेव्हा रुग्णांना लिहून दिल्या, हे कबूल करतो, कारण हातात फारसं काही नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत रोज आठ ग्रॅम देऊनही लक्षणं लवकर गेली नाहीत. २०२२ मध्ये अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) रुग्णांवर शिरेतून मोठी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. हे कळल्यावर मी लिहून देणं थांबवलं.

आता तुमचं हिमोग्लोबिन. डाळी, पालेभाज्या, बाजरी, नाचणी यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात असेल तर ते लोह विरघळलेलं राहतं आणि शोषण वाढतं. यात वेळ महत्त्वाची आहे. सकाळी गोळी आणि दुपारी मेथीची भाजी, याचा उपयोग नाही. जेवणातच कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर घ्या, नाहीतर जेवता जेवता पेरू खा. आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. तुम्ही घेता त्या लोहाच्या गोळीसोबत मात्र क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी लागत नाही. चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसतं लोह घेणाऱ्यांचं आणि सोबत क जीवनसत्त्व घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. ३८ व्या वर्षी ९.८ आहे म्हणजे पाळीत जास्त रक्त जातंय का हे आधी तपासा. गोळ्यांच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो आणि तोच महत्त्वाचा असतो.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून क जीवनसत्त्व मागायला येणारे माझ्याकडे खूप असतात. त्यातल्या बहुतेकांच्या दातांवर कीटण असतं. त्यांना मी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतो.

स्वयंपाकघरातलं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा बदल तिथेच होतो. लिंबाचं नाव मोठं आहे, पण एका लिंबाच्या रसात दहा-बारा मिलिग्रॅमच असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात रोज १० मिलिग्रॅम स्कर्व्ही बरा करायला पुरले होते. तेव्हा वरण-भातावरचं लिंबू कमी लेखू नका, पण त्यावर पूर्ण गरज भागेल असंही समजू नका. एका संत्र्यात पन्नासच्या आसपास, आणि पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या वर. अर्धा पेरू म्हणजे मोठ्या माणसाचा दिवस भरला. हिरवी मिरची आणि ढोबळी मिरची वजनाला वजन संत्र्यापेक्षा पुढे आहेत. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवलं ते सेगेदच्या बाजारातल्या मिरच्यांतूनच, आणि १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. दूध उकळल्यावर त्यात जवळपास काहीच उरत नाही. म्हणून सहा महिन्यांपुढचं बाळ वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत नुसत्या वरच्या दुधावर आणि बिस्किटांवर ठेवलं, तर पाय हलवताच रडणारं, पाय बेडकासारखे फाकून पडून राहणारं मूल दवाखान्यात येतं. अंगावरच्या दुधात हे जीवनसत्त्व पुरेसं असतं.

ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि हवेने नासतं. भाजी चिरून धुवू नका, धुऊन चिरा. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका. पालेभाजी हिरवी राहावी म्हणून चिमूटभर सोडा घालतात, त्याने क जीवनसत्त्व झपाट्याने जातं. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातही तेच होतं.

मटकीला मोड आणताना जे होतं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळपास नसतं. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दीड दिवसात कोंब फुटतो आणि ते बियांमध्येच नव्याने तयार होतं. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी संपली. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचं मांस खाल्लं. आपल्या बहुतेक जवानांनी धर्मापायी ते फार काळ नाकारलं आणि स्कर्व्हीने ते शेकड्यांनी आजारी पडले. त्याच महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत शास्त्रज्ञ हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवत होत्या की मोड आलेल्या कडधान्यांनी स्कर्व्ही टळतो. आपल्या आज्या ज्या फडक्यात मटकी बांधत होत्या, ते ज्ञान त्या छावणीपर्यंत वेळेत पोचलं असतं तर किती माणसं वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मोडांची उसळ करा, पण मूठभर मोड वाफ लागेल इतकेच शिजवून वरून लिंबू पिळून घ्या.

मोरावळ्याबद्दल तुमचा प्रश्न राहिला. जुन्या भारतीय तक्त्यांत आवळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम लिहिलेलं असे. २०१७ च्या नव्या तक्त्यात ते साधारण अडीचशे आहे. तरी एक मध्यम आवळा दिवसाची गरज भागवतो. मोरावळ्यात शिजवताना काही जातं, बरणीत महिन्यामहिन्याला आणखी घटत जातं, पण आवळा आंबट असल्यामुळे नासण्याचा वेग कमी असतो. त्यात साखर भरपूर असते, म्हणून दिवसाला एक फोड पुरे, आणि सासूबाईंना मधुमेह असेल तर तीही नको. त्यांच्यासाठी हंगामात ताजे आवळे किसा, बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये गोठवा आणि रोज एक वडी वरणात, उतरवल्यावर, टाका. आंबटपणा वरणात मुरतो. त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचं मात्र या आठवड्यातच करा, आवळ्याच्या हंगामाची वाट बघू नका.